तहसील कचेरीसमोरचा संथ लॅपटॉप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आणि दुय्यम निबंधक कार्यालय एकाच रस्त्यावर आहेत. त्या रस्त्याला लागून दस्तलेखनाची, झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने ओळीने उभी आहेत. त्यांपैकी एका दुकानातील लॅपटॉपचे हे प्रकरण आहे. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले असून ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. ताई खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे, भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देतात, दस्त नोंदणीपूर्वीची पब्लिक डेटा एंट्री भरतात, 'ग्रास' या शासकीय भरणा संकेतस्थळावरून चलन काढून देतात. काही वकिलांचे नेहमीचे टायपिंगही त्यांच्याकडेच असते.

लॅपटॉप २०१७ साली घेतलेला होता. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीतील कोअर आय-३ ६००६यू हा प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-४ रॅम, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० होते. त्या काळात घरगुती व दुकानी वापरासाठी असाच संच सर्रास विकला जात असे. प्रोसेसर दोन कोअरचा असून त्याचा वेग २.० गिगाहर्ट्झवर थांबतो आणि गरज पडल्यावर वेग वाढवण्याची टर्बोची सोय त्यात नाही, त्यामुळे हे यंत्र नवे असतानाही चपळ नव्हते. मात्र टायपिंग, छपाई आणि ब्राउझर एवढ्या कामाला ते पुरेसे होते, आणि पहिली काही वर्षे त्याबद्दल तक्रारही नव्हती.

या प्रकरणाला वळण देणारी गोष्ट मात्र यंत्रात नव्हती, तर त्यावरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होती. सरकारी पोर्टलसाठी ताई युनिकोड मराठी (कोणत्याही यंत्रावर सारखीच दिसणारी प्रमाणित अक्षरे) वापरतात, पण दस्तांचे जवळजवळ सगळे मसुदे जुन्या, नॉन-युनिकोड म्हणजे ठरावीक फॉन्ट असेल तरच वाचता येणाऱ्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी हरवलेली होती, ज्या विक्रेत्याकडून ते घेतले त्याने धंदा बंद केला होता, आणि त्याचा परवाना नेमका कशाशी जोडलेला आहे, म्हणजे विंडोजशी, मदरबोर्डशी की हार्ड डिस्कच्या क्रमांकाशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अडचण

मे २०२५ मध्ये ताईंनी लॅपटॉप आमच्याकडे दुरुस्तीसाठी आणला. बटण दाबल्यापासून मसुदा उघडून पहिले अक्षर टाइप होईपर्यंत आठ ते नऊ मिनिटे जात होती. ब्राउझर आणि टायपिंग एकाच वेळी चालू असले की कर्सर गोल फिरत राही, छपाईची आज्ञा दिल्यावर प्रिंटर बराच वेळ गप्प असे, आणि अधूनमधून सगळे यंत्र अर्धा-एक मिनिट गोठून पुन्हा सुरू होई. हे शेवटचे लक्षण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण नुसता जुनेपणा यंत्राला संथ करतो, पण असे ठरावीक काळ गोठवून पुन्हा सोडून देत नाही.

वेळेचा ताण होता. दहावी-बारावीच्या निकालांनंतर जूनमध्ये उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले आणि त्यांसाठीची प्रतिज्ञापत्रे यांची झुंबड उडते, आणि दुकानाची वर्षातली मोठी कमाई त्याच काळात होते. "एवढा जून निघू दे, मग काय करायचं ते करू," असे ताईंचे म्हणणे होते.

याआधी उपाय झाले नव्हते असे नाही. साधारण दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका दुकानात 'फॉरमॅट मारून' विंडोज नव्याने टाकले होते. काही महिने फरक पडला आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्या वेळी टायपिंग सॉफ्टवेअरचा परवाना गेला होता आणि विक्रेता तेव्हा धंद्यात होता म्हणून त्याने येऊन तो परत चालू करून दिला होता. त्यानंतर भाच्याने व्हिडिओ पाहून विंडोजच्या काही सेवा बंद केल्या, एक 'रॅम बूस्टर' टाकला आणि मूळ अँटिव्हायरस असतानाच दुसरा विकत घेऊन बसवला. रॅम बूस्टर म्हणवणारी साधने बहुधा चालू प्रोग्रॅमची पाने (माहितीचे छोटे तुकडे) रॅममधून हुसकून डिस्कवर ढकलतात. मोकळ्या रॅमचा आकडा त्याने वाढलेला दिसतो आणि लॅपटॉप अधिकच रखडतो. संथ डिस्कच्या यंत्रावर याहून उलटा उपाय शोधणे कठीण आहे.

तपासणी

सुरुवातीला काहीही न काढता, न पुसता, लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर (यंत्राच्या कोणत्या भागावर किती भार आहे हे दाखवणारे विंडोजचे साधन) उघडून ठेवला. पहिली विसंगती तेथेच दिसली. ताई रोज रात्री लॅपटॉप बंद करत असूनही प्रोसेसरच्या पानावरील 'अपटाइम' (यंत्र सलग चालू असल्याचा काळ) तीन आठवड्यांहून अधिक होता. विंडोज १० मधील 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. पूर्ण नवी सुरुवात 'रीस्टार्ट' केल्यावरच होते. रीस्टार्ट करून पाहिले, पण फरक नाममात्रच पडला.

प्रोसेसरचा वापर बहुतेक वेळ तीस टक्क्यांच्या आत होता आणि त्याचा वेग २.० गिगाहर्ट्झच्या आसपास टिकून होता, म्हणजे उष्णतेमुळे तो स्वतःला आवरत नव्हता. रॅमपैकी ३.४ जीबी व्यापलेली होती. डिस्कच्या रकान्यात मात्र १०० टक्के हा आकडा ठाण मांडून बसला होता, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक एमबी होते.

डिस्क पूर्ण व्यग्र असूनही इतके थोडे काम कसे होते, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते, आणि हेड योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या लहान वाचनांची संख्या त्यामुळे सेकंदाला साठच्या आसपास अडकते, आणि प्रत्येक वाचन ४ केबीचे धरले तर हाती पाव एमबीदेखील लागत नाही. रेकॉर्ड रूममधल्या शिपायाला एकेका कागदासाठी वेगळ्या कपाटाकडे पाठवावे, तसा हा प्रकार आहे. तो दिवसभर चालतच असतो, पण टेबलावर कागद थोडेच येतात. सुरू होणारे विंडोज, दोन अँटिव्हायरस, फायलींची सूची बनवणारी सेवा, आणि रॅम अपुरी पडल्यामुळे डिस्कवर चाललेली पानांची ये-जा, असे सगळे या एकाच शिपायाला एकाच वेळी पिटाळत होते.

येथपर्यंतचे निदान कोणत्याही जुन्या लॅपटॉपचे असते. यापुढचे नव्हते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा सरासरी प्रतिसाद वेळ मधूनच काही हजार मिलिसेकंदांवर उडी घेत होता आणि नेमके त्याच क्षणी सगळे गोठत होते. गर्दी झालेली पण निरोगी डिस्क काहीशे मिलिसेकंद घेते, हजारांत जाणे क्वचितच घडते. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या 'स्मार्ट' नोंदी पाहिल्या. वरच्या बाजूला पिवळा 'कॉशन' (सावधान) हा शेरा होता. बदली दिलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरील डेटाच्या छोट्या कप्प्यांच्या) नोंदीसमोर ३८ हा आकडा होता, आणि वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची नोंदही शून्य नव्हती. हे साधन कच्चे आकडे मुळात षोडशमान (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या) पद्धतीत दाखवते, म्हणून हे ३८ म्हणजे आपले ५६. प्रलंबित सेक्टर म्हणजे जेथे डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत राहते अशी जागा. यंत्र गोठत होते ते येथे.

निदान त्यामुळे पालटले. लॅपटॉप संथ होता हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की डिस्क निकामी होण्याच्या वाटेवर होती आणि काही वर्षांच्या दस्तांची एकमेव प्रत त्याच डिस्कवर होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नवा लॅपटॉप. कामाला साजेसे यंत्र तेव्हा चाळीस हजारांच्या घरात मिळत होते. पैशांची जुळवाजुळव ताईंनी कशीबशी केलीही असती, पण जुने टायपिंग सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालू होण्याची कोणतीच खात्री नव्हती, आणि ते चालले नाही तर जूनमध्ये मसुद्यांविना बसावे लागले असते.

दुसरा पर्याय पुन्हा फॉरमॅट. तो फुकटात पडतो म्हणून लोकप्रिय आहे. नव्याने टाकलेले विंडोज हलके असल्याने काही काळ वेग वाटतो, पण डिस्क तीच राहते. येथे तर दुखऱ्या डिस्कवर नवे लेखन करून जुना डेटा परत मिळवण्याची शक्यताही घालवण्यासारखे ते झाले असते, आणि शिवाय परवाना जाणार हे मागच्या अनुभवावरून जवळपास ठरलेलेच होते.

तिसरा पर्याय विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. फक्त ब्राउझर, पत्रव्यवहार आणि पीडीएफ एवढेच काम असते तर आम्ही तोच आग्रहाने सुचवला असता, कारण ४ जीबी रॅमच्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती समाधानकारक चालते. पण ताईंचे टायपिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीचे होते, त्यामुळे विषय तेथेच थांबला.

चौथा पर्याय हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवणे आणि गरज पडल्यास रॅम वाढवणे. एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे वरचा साठ वाचनांचा हिशेबच लागू होत नाही. साधी साटा जोडणीची एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी लहान वाचने करते. अडचण होती ती विंडोज १० च्या मुदतीची. मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झाले होते, आणि विंडोज ११ साठीच्या यादीत इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, त्यामुळे सहाव्या पिढीचे हे यंत्र अधिकृतपणे त्यात बसत नव्हते. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत. लोकांची कागदपत्रे असलेल्या दुकानी यंत्रावर त्या करू नयेत असे आमचे मत आहे. म्हणजे चौथा पर्याय निवडला तरी तो ठरावीक मुदतीपुरताच होता. तरीही सात-आठ हजारांत तेवढी मुदत मिळते आणि मसुदे सुरक्षित राहतात, हे पाहून तोच घेतला.

पहिला निर्णय: आधी प्रत, मग दुरुस्ती

या प्रसंगी सर्वांत मोठा मोह 'साफसफाई'चा असतो. तात्पुरत्या फायली पुसाव्यात, डिफ्रॅग चालवावे, 'चेकडिस्क'ला खराब सेक्टर शोधायला लावावे, असे सल्ले सगळीकडे मिळतात आणि निरोगी डिस्कवर त्यांत फारसे वावगे नाही. पण डिफ्रॅगमध्ये डिस्कवरचा डेटा उचलून दुसरीकडे लिहिला जातो आणि खराब सेक्टरांचा शोध म्हणजे संपूर्ण डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचणे. खिळखिळ्या डिस्कला हा भार झेपेल की नाही हे नंतरच कळते. म्हणून डेटाची प्रत बाहेर निघेपर्यंत डिस्कवर कोणतीही दुरुस्ती करायची नाही, असे ठरवले.

प्रत काढण्याचा क्रम महत्त्वाचा होता. मसुद्यांचा आणि पक्षकारांच्या दस्तांचा फोल्डर आकाराने काही जीबीच होता. तो सर्वांत आधी घेतला, मग डेस्कटॉप आणि स्कॅन केलेली कागदपत्रे, आणि घरच्या समारंभांचे फोटो व व्हिडिओ सगळ्यांत शेवटी. आकाराने मोठे असलेले आधी घेतले असते तर डिस्कची उरलीसुरली ताकद लग्नाच्या व्हिडिओवर खर्च झाली असती.

प्रत काढण्यासाठी विंडोजमधीलच रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. तिची एक खोड माहीत असायला हवी. एखादी फाइल वाचता आली नाही तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ती दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि प्रत्येक प्रयत्नाआधी तीस सेकंद थांबते, म्हणजे एकाच खराब फाइलीवर ती जन्मभर अडकू शकते. पुन्हा प्रयत्न एकदाच आणि थांबणे एक सेकंद, असे बदलून तिला चालवले आणि न जमलेल्या फायलींची नोंद एका वेगळ्या फाइलीत घ्यायला लावली. ती नोंद पुढे कामी आली. मसुदे सगळे सुखरूप निघाले. अडकल्या त्या एका समारंभाच्या व्हिडिओच्या काही फायली आणि ब्राउझरच्या साठवणीतील थोड्या.

दुसरा निर्णय: नवे विंडोज की जशीच्या तशी प्रत

दस्त वाचले, पण टायपिंग सॉफ्टवेअर नुसत्या फायली उचलून दुसरीकडे चालत नाही. नवे विंडोज टाकणे तांत्रिक दृष्टीने अधिक स्वच्छ होते, आणि विंडोजच्या स्वतःच्या परवान्याची त्यात काळजी नव्हती, कारण त्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातून आलेली परवान्याची चावी मदरबोर्डवरच साठवलेली असते आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती आपोआप लागू होते. टायपिंग सॉफ्टवेअरला मात्र सीडीविना परतीची वाट नव्हती.

म्हणून संपूर्ण डिस्कची सेक्टरागणिक प्रत नव्या एसएसडीवर करण्याचे ठरले. परवाना जर डिस्कच्या कारखानी क्रमांकाशी बांधलेला असेल तर प्रत करूनही तो लागू होणार नाही, हा धोका उरत होता आणि तो आधी तपासण्याचा मार्ग नव्हता. पण जुनी डिस्क अस्पर्श ठेवली तर, परवाना चालला नाही तरी, ती परत बसवून निदान जून काढता येईल, हे या मार्गाचे बलस्थान होते. परवान्याविषयी खात्री नसताना, मागे फिरता येईल असे पाऊल निवडणे आम्हांला अधिक योग्य वाटले.

त्यातच एसएसडीच्या आकाराचा प्रश्न आला. प्रत्यक्ष वापर २०० जीबीच्या आसपास होता, म्हणून ५०० जीबीची एसएसडी पुरली असती आणि दोन-अडीच हजार रुपये वाचले असते. पण १ टीबीच्या डिस्कची प्रत ५०० जीबीवर बसवायची तर आधी जुन्या डिस्कवरचे विभाजन आक्रसून घ्यावे लागते, आणि त्यात पुन्हा दुखऱ्या डिस्कवर डेटाची हलवाहलव होते. हे टाळण्यासाठी पूर्ण १ टीबीची एसएसडी घेतली. येथे दुकानदार ९६० जीबीची 'तीच ती' म्हणून पुढे करतात, तिकडे लक्ष ठेवावे लागते. १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असतात (विंडोज ज्याला ९३१ जीबी म्हणते), आणि सेक्टरागणिक प्रत करताना लक्ष्य डिस्क एका सेक्टरनेही लहान चालत नाही.

प्रत्यक्ष काम

राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद झाल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत दुकानात फारसे काम नसते. तो काळ या कामासाठी निवडला.

दोन्ही डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. जुन्या डिस्कवरून विंडोज पुन्हा सुरू करायचे नाही, हा त्यामागचा उद्देश होता, कारण चालू विंडोज डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असते आणि कधी स्वतःहूनच डिस्कची तपासणी सुरू करते. प्रत डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने केली. साधी क्लोनिंगची साधने वाचन-त्रुटी आली की बहुधा थांबतात. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडलेला भाग एका नकाशा-फाइलीत टिपून पुढे जाते आणि मगच मागे येऊन त्या अडलेल्या जागांवर प्रयत्न करते. मध्येच वीज गेली तरी त्या नकाशावरून काम तेथूनच पुढे सुरू होते, आणि आपल्याकडे वीज जाणार हे धरूनच चालावे लागते. निरोगी असती तर १ टीबीला तीन-साडेतीन तास पुरले असते; या डिस्कने रात्रभर घेतले. शेवटी काही केबी एवढाच भाग वाचता आला नाही.

एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवल्यावर विंडोज विनातक्रार सुरू झाले. टायपिंग सॉफ्टवेअर उघडताना ताईंनी हात जोडलेले होते. ते उघडले, परवान्याविषयी काही विचारले नाही, आणि जुने खरेदीखत जसेच्या तसे पडद्यावर आले.

'चेकडिस्क' आता चालवले, कारण आता ते प्रतीवर चालवणे सुरक्षित होते. येथे एक बारकावा आहे. सेक्टरागणिक प्रतीबरोबर जुन्या डिस्कवरील खराब जागांची यादीही नव्या एसएसडीवर येते आणि विंडोज चांगल्या जागाही खराब समजून टाळत राहते. ती यादी पुन्हा तपासून रिकामी करण्याचा पर्याय 'चेकडिस्क'मध्ये आहे, तो वापरला. न वाचलेल्या जागी प्रतीत नुसती शून्ये असतात आणि तेवढ्यावरून कोणती फाइल बिघडली हे 'चेकडिस्क' सांगत नाही. त्यासाठी आधीची रोबोकॉपीची नोंद पाहिली. विंडोजच्या स्वतःच्या फायली एसएफसी या विंडोजमधीलच साधनाने तपासल्या. थोड्या बिघडलेल्या निघाल्या व त्या दुरुस्त झाल्या.

मग उरलेली किरकोळ कामे केली. दोन्ही अँटिव्हायरस काढून विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू केला. रॅम बूस्टर काढला, भाच्याने बंद केलेल्या सेवा पूर्ववत केल्या आणि सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रिंटरचे, मोबाइल जोडणीचे व व्हिडिओ कॉलचे प्रोग्रॅम थांबवले. विंडोजने नवी डिस्क एसएसडी म्हणून ओळखली आहे आणि ट्रिम (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे याची खात्री केली. मागचे झाकण उघडलेच होते म्हणून पंख्यासमोर दाटलेली धुळीची चटई काढली आणि बॅटरी फुगलेली नाही ना हे पाहिले. प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट बदलली नाही, तापमान तशी मागणी करत नव्हते.

रॅमचा प्रश्न

रॅम मुद्दाम एसएसडीबरोबर घेतली नव्हती. एकाच वेळी दोन्ही बदलले तर कशाने किती फरक पडला हे कळत नाही, आणि ताईंना खर्चाचा प्रत्येक रुपया जोखून घ्यायचा होता. आठवडाभराच्या वापरानंतर असे दिसले की फक्त टायपिंग आणि छपाई असेल तर ४ जीबीवर भागत होते. ब्राउझरमध्ये डेटा एंट्री, ग्रास आणि व्हॉट्सअॅप उघडे ठेवून स्कॅन केलेली मोठी पीडीएफ उघडली की मात्र अडखळणे पुन्हा जाणवत होते. रॅम तेव्हाही अपुरीच होती. एसएसडी जलद असल्यामुळे डिस्कवर चाललेली पानांची ये-जा फक्त कमी खुपत होती.

टास्क मॅनेजर दोनपैकी एकच खाच वापरात असल्याचे दाखवत होता. काही लॅपटॉपमध्ये दुसरी खाच कागदावरच असते, म्हणून झाकण उघडून ती प्रत्यक्ष पाहिली आणि मगच डीडीआर-४ ची ८ जीबीची पट्टी घेतली. बाजारात मिळाली ती ३२०० वेगाची होती. या प्रोसेसरवर ती २१३३ वर चालते आणि त्यात काही बिघडत नाही. ४ आणि ८ अशी विषम जोडी चालते का, असे ताईंनी विचारले. चालते, त्यातील ८ जीबी दुहेरी मार्गाने वापरली जाते आणि उरलेली ४ जीबी एकेरी मार्गाने. जुनी पट्टी काढून टाकण्याचे कारण नव्हते.

परिणाम

बटण दाबल्यापासून मसुद्यात टायपिंग सुरू होण्यास आता मिनिटभरही लागत नाही. निष्क्रिय अवस्थेत डिस्कचा वापर दोन-तीन टक्क्यांवर असतो आणि गोठण्याचा प्रकार पूर्ण थांबला. जूनची गर्दी या यंत्रावर पार पडली. एसएसडी आणि रॅम मिळून खर्च साडेसात हजारांच्या आसपास आला.

सगळेच सुधारले असे मात्र नाही. प्रोसेसर तोच आहे. वकिलांकडून आलेल्या शंभरेक पानांच्या स्कॅनमधून मजकूर ओळखून घ्यायचा असेल तर यंत्र आजही घाम गाळते, आणि व्हिडिओ सुनावणी चालू असताना दुसरे काही करता येत नाही. या दोन कामांसाठी ताई आता मोबाइल किंवा शेजारचा संगणक वापरतात. हार्ड डिस्कमुळे आलेला संथपणा आणि प्रोसेसरची मूळ मर्यादा यांतला फरक ग्राहकाला आधीच सांगून ठेवला तर नंतरचा अपेक्षाभंग टळतो. येथे तो सांगितला होता.

ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपण्याच्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांच्या योजनेत लॅपटॉपची नोंदणी केली. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवल्यास घरगुती वापरकर्त्यांना ती विनामूल्य मिळते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत लागू आहे.

वेगळे काय करता आले असते

स्मार्ट नोंदी पाहायला काही मिनिटे लागतात. दोन वर्षांपूर्वीच्या फॉरमॅटच्या वेळी त्या पाहिल्या गेल्या असत्या तर कदाचित तेव्हाच डिस्क बदलली गेली असती, विक्रेता धंद्यात असताना परवानाही रीतसर नव्या विंडोजवर घेता आला असता आणि सेक्टरागणिक प्रतीचा खटाटोप करावा लागला नसता. संथ लॅपटॉप हाती आला की पुसण्याआधी डिस्कची तब्येत पाहणे हा क्रम दुरुस्तीच्या दुकानांत आजही सरसकट पाळला जात नाही. फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात आणि तपासणीचे कोणी देत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

सेक्टरागणिक प्रतीबरोबर आठ वर्षांचा पसाराही नव्या डिस्कवर आला. परवान्याची अडचण नसती तर आम्ही नवे विंडोजच टाकले असते. म्हणून आपल्या लॅपटॉपवर या प्रकरणाची नक्कल करताना आधी आपल्याकडे असे अडून बसणारे सॉफ्टवेअर आहे का, हे पाहावे. नसेल तर ५०० जीबीची एसएसडी आणि कोरे विंडोज हा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे.

रॅम स्वतंत्रपणे घेण्याच्या निर्णयाला दोन बाजू आहेत. फरक नेमका मोजता आला, हा फायदा; लॅपटॉप दुसऱ्यांदा उघडावा लागला, हा तोटा. शिवाय २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव सगळीकडेच जोरात वाढले. रॅमचा निर्णय चार-सहा महिने लांबला असता तर त्याच पट्टीला बरेच जास्त पैसे पडले असते. चारच जीबी रॅम असलेल्या यंत्रावर यापुढे मोजमापाचा हट्ट न धरता दोन्ही एकत्र बदलणे व्यवहाराला धरून होईल.

प्रती ठेवण्याची व्यवस्था शेवटी लागली. दर शुक्रवारी मसुद्यांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जातो आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी नेली जाते. जुनी हार्ड डिस्क दिनांक लिहिलेल्या पाकिटात कपाटात आहे. तिच्यावर पक्षकारांच्या आधार, पॅन आणि मिळकतीच्या कागदांच्या प्रती असल्याने ती भंगारात किंवा 'जुने द्या, नवे घ्या' योजनेत द्यायची नाही, तर नव्या व्यवस्थेवर वर्ष निभावले की छिद्रे पाडून नष्ट करायची, असे ठरले आहे. नवे दस्त ताई आता युनिकोडमध्ये करतात आणि जुने मसुदे लागतील तसे रूपांतरित करून घेतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार पुन्हा तपासावे लागत असल्यामुळे हे काम संथच चालले आहे. ऑक्टोबर २०२६ च्या आत नेहमी लागणारे मसुदे तरी पूर्ण झाले, तर पुढचा लॅपटॉप घेताना जुन्या परवान्याचा विचार करावा लागणार नाही.